मालवण किनाऱ्यावरील डॉल्फिन-दर्शन : सफरीची आखणी

(किनारी ग्रामपंचायतींचे सदस्य, शिक्षक व क्षेत्रीय अधिकारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला आणि १९९७ मध्ये तो पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. त्यानंतरच्या काळात मालवण, तारकर्ली, देवबाग, भोगवे, निवती या गावांचे अर्थकारण पुष्कळच पालटले. ज्या होडीतून पूर्वी केवळ जाळी टाकली जात, तीच होडी आता सकाळच्या प्रहरी पर्यटकांना घेऊन समुद्रात जाते. धक्क्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर किल्लादर्शन, संगमदर्शन आणि त्यांच्या जोडीला डॉल्फिन-दर्शन असे फलक लागलेले दिसतात. किल्ला आपल्या जागी उभा आहे. संगमही कोठे जात नाही. डॉल्फिन मात्र वन्य प्राणी आहे आणि तो स्वतःच्या गरजेप्रमाणे येतो-जातो. फलक रंगविताना हा भेद कोणी ध्यानी घेत नाही. या सफरींच्या बहुतेक अडचणींचा उगम तेथेच आहे.

जो प्राणी दाखवावयाचा, त्याची ओळख आधी नीट करून घेतली पाहिजे. या किनाऱ्यालगत सामान्यतः दिसणाऱ्या डॉल्फिनला हिंदी महासागरातील हम्पबॅक डॉल्फिन असे नाव आहे. बैलाच्या वशिंडासारखा लांबट उंचवटा त्याच्या पाठीवर असतो आणि त्या उंचवट्यावर लहानसा पर असतो. रंग करडा, पूर्ण वाढलेल्या प्राण्याची लांबी साधारणतः अडीच मीटर. दक्षिण आफ्रिकेपासून अरबस्तानच्या किनाऱ्याने भारतापर्यंत त्याचा वावर आहे. २०१४ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याची स्वतंत्र जाती मानली. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या यादीत आज तो संकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे. या आपत्तीचे मुख्य कारण त्याच्या राहणीतच आहे. तो खोल समुद्रात जात नाही. पंचवीस-तीस मीटरांहून कमी खोलीचे पाणी, नद्यांची मुखे आणि उथळ उपसागर हेच त्याचे घर. मासेमारीची जाळी, नौकांची वर्दळ, शहरांचे सांडपाणी आणि आता पर्यटन, ही सर्व गर्दी नेमकी याच अरुंद पट्ट्यात होते.

डॉल्फिन हा मासा नव्हे, हे शिक्षकवर्गाला सांगावयास नको. पण होडीत बसणाऱ्या दहांपैकी निम्मी माणसे त्याला मासाच समजतात. तो सस्तन प्राणी आहे, फुप्फुसांनी श्वास घेतो आणि म्हणून त्याला वारंवार पाण्यावर यावे लागते. मादी सुमारे दहा वर्षांची झाल्यावर प्रजननक्षम होते, गर्भकाळ दहा ते बारा महिन्यांचा असतो, एका वेळी एकच पिलू होते आणि दोन पिलांमध्ये साधारणतः तीन वर्षांचे अंतर पडते. तारली किंवा बांगडा एका हंगामात कमी झाला तर पुढे भरून निघण्याची आशा असते. डॉल्फिनच्या बाबतीत झालेले नुकसान भरून निघण्यास एक पिढी लागते.

दुसरी गोष्ट त्याच्या स्वभावाची. चित्रपटांतून किंवा परदेशी जलक्रीडागृहांच्या जाहिरातींतून जो डॉल्फिन लोकांनी पाहिलेला असतो, तो हवेत उंच उडी घेतो आणि नौकेच्या नाळेपुढे खेळतो. मालवणचा हा डॉल्फिन सहसा तसे करीत नाही. आधी लांबट तोंड पाण्याबाहेर येते, मग पाठीचा उंचवटा, मग पर. आणि क्षणात तो दिसेनासा होतो. होडीपासून तो अंतर राखूनच असतो. त्याच समुद्रात पाठीवर पर नसलेला, आणखी बुजरा असा फिनलेस पॉरपॉइजही आढळतो. तो दिसला तरी पुष्कळांना कळतसुद्धा नाही. (डॉल्फिनना तलावात कोंडून त्यांचे खेळ करण्यास आपल्या देशात २०१३ पासून मनाई आहे, हेही जाता जाता नमूद करावयास हवे.) तेव्हा पर्यटकाला काय दिसणार आहे, हे होडी सुटण्यापूर्वी धक्क्यावरच पाच मिनिटांत सांगितले गेले, तर पुढच्या तासाभरातील अर्धी निराशा टळेल. हे काम गावातील एखादा पदवीधर तरुण किंवा सुट्टीच्या दिवशी शाळेतील शिक्षकही करू शकतो.

सफर केव्हा काढावी, हा प्रश्न पर्यटकाच्या न्याहरीच्या वेळेवर सोडण्याजोगा नाही. पावसाळा सरून समुद्र निवळला की नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा. या दिवसांत पहाटेपासून सकाळच्या उन्हापर्यंत जमिनीकडून मतलई वारा असतो आणि किनाऱ्याजवळचे पाणी काचेसारखे सपाट असते. दुपारच्या सुमारास खारा वारा सुटला की पाण्यावर पांढरी शेंदाडे उमटू लागतात. मग त्यांतून करड्या रंगाचा पर ओळखणे जाणत्या तांडेलालाही कठीण जाते आणि होडीतल्या पाहुण्यांना मळमळू लागते. सकाळी साडेसहा-सातला निघालेली एक फेरी ही दुपारच्या तीन फेऱ्यांपेक्षा सरस ठरते, हा तांडेलांचा अनुभव आहे. तरीही दुपारच्या फेऱ्या निघतात, कारण पर्यटक उशिरा उठतो. येथे निवासाची सोय करणाऱ्या घरमालकांनी थोडे कठोर व्हावयास हरकत नाही. पाहुण्याला रात्रीच्या जेवणाच्या वेळी सांगावे की, डॉल्फिन पाहावयाचे असतील तर पहाटे उठणे भाग आहे.

वाऱ्याइतकेच महत्त्व भरती-ओहोटीला आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ कळते, हा कोकणातील जुना आडाखा आहे. द्वादशीला नवाच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास भरती पूर्ण होते असा त्याचा अर्थ. बंदराबंदरागणिक यात फरक पडतो. नेमक्या वेळेसाठी भरतीचे छापील कोष्टक पाहावे आणि ते धक्क्यावर लावून ठेवावे. भरतीच्या पाण्याबरोबर बोईसारखे मासे नदीमुखाकडे सरकतात आणि पुष्कळदा त्यांच्या मागे डॉल्फिनही येतात. देवबागजवळ कर्ली नदी समुद्राला मिळते, तेथे वाळूचे दांडे जागा बदलत असतात. पुरत्या ओहोटीत, त्यातही उधाणाच्या दिवसांत, भरलेली होडी तेथून बाहेर काढणे धोक्याचे असते. म्हणजे चांगल्या दर्शनाची वेळ आणि सुरक्षित प्रवासाची वेळ या दोन्ही गोष्टी एकाच कोष्टकातून ठरतात.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. पुष्कळ फलकांवर ‘हमखास डॉल्फिन-दर्शन’ असे शब्द असतात. काही ठिकाणी तर डॉल्फिन न दिसल्यास पैसे परत, अशीही बोली असते. वरवर पाहता हा ग्राहकाशी केलेला प्रामाणिक व्यवहार वाटतो. समुद्रात त्याचा परिणाम काय होतो, हे पाहण्यासारखे आहे. समजा, एका सकाळी आठ होड्या बाहेर पडल्या आणि एका तांडेलाला दूरवर डॉल्फिनचा पर दिसला. त्याने त्या दिशेला होडी वळविली की इतर सात जणांना ती खूण पुरते. प्रत्येकाच्या होडीत पैसे मोजलेली माणसे, प्रत्येकाच्या तोंडी दिलेले वचन. आठही इंजिने एकाच वेळी पूर्ण वेगाने त्या ठिकाणी धावतात. डॉल्फिन बुडी मारतात. ते पुन्हा कोठे वर येतील याचा अंदाज घेऊन होड्या त्यांच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहतात. पिलू असलेली मादी श्वास घेण्यास वर येते ती दोन होड्यांच्या मधोमध. यात एकाही तांडेलाच्या मनात दुष्टपणा नसतो. उलट, आपण मागे राहिलो तर आपले गिऱ्हाईक शेजारच्या होडीत जाईल, एवढीच त्याची भीती असते. वचन चुकीचे दिले गेल्यामुळे पाठलाग घडतो. पाठलागाबद्दल नुसता उपदेश करून तो थांबणार नाही.

पाठलागाने डॉल्फिनचे काय बिघडते, असा प्रश्न सभांमधून विचारला जातो आणि तो योग्यच आहे. हा प्राणी गढूळ पाण्यात डोळ्यांवर विसंबून राहू शकत नाही. तो स्वतः आवाज सोडतो आणि परत आलेल्या प्रतिध्वनीवरून मासा कोठे आहे ते ओळखतो. आपसांतील संपर्कही आवाजानेच राखतो. आउटबोर्ड इंजिनाचा गोंगाट पाण्याखाली दूरवर जातो. भक्ष्य शोधणे, विश्रांती घेणे आणि पिलाला दूध पाजणे या तिन्ही गोष्टींत खंड पडतो. एखाद्या दिवशी असे झाले तर फारसे बिघडत नाही. हंगामातील प्रत्येक सकाळी तासन्‌तास हेच घडू लागले, तर तो प्राणी ती जागा सोडतो.

हा केवळ तर्क नव्हे. पश्चिम ऑस्ट्रेलियातील शार्क बे येथे डॉल्फिनांचा अनेक वर्षे बारकाईने अभ्यास झालेला आहे. तेथील अभ्यास-क्षेत्राच्या एका भागात सफरी काढणारी एक संस्था होती, पुढे दुसरीलाही परवाना मिळाला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, दोन संस्था काम करू लागल्यानंतरच्या काळात त्या भागातील डॉल्फिनांचे प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी घटले. जेथे सफरी जात नव्हत्या त्या शेजारच्या भागात मात्र अशी घट झाली नाही. तेथील शासनाने यावर सफरींचे परवाने दोनांवरून एकावर आणले. या अभ्यासातील आणखी एक निरीक्षण आपल्याकडील तांडेलांनी अवश्य लक्षात घ्यावे. ‘आमच्या डॉल्फिनांना आता होड्यांची सवय झाली आहे,’ असे पुष्कळदा म्हटले जाते. जे बुजरे होते ते निघून गेलेले असतात आणि जे मागे उरतात ते धीट वाटतात. सवय झाल्याचा भास त्यातून होतो.

न्यूझीलंडमधील आकारोआ बंदराचे उदाहरणही उपयोगी आहे. तेथे हेक्टर्स डॉल्फिन ही जेमतेम दीड मीटर लांबीची जात आढळते आणि तिला पाहण्यासाठी बंदरातून नौका निघतात. त्या परिसराला १९८८ मध्ये सागरी सस्तन प्राण्यांचे अभयारण्य म्हणून संरक्षण देण्यात आले, आणि १९९२ च्या नियमांनी संपूर्ण देशासाठी वर्तणूक ठरवून दिली. डॉल्फिनांच्या ३०० मीटरांच्या आत एका वेळी तीनपेक्षा अधिक नौका असू नयेत, त्या अंतरात नौकेने मागे लाट उठणार नाही इतक्याच वेगाने चालावे, कळप फोडून मधून जाऊ नये, असे ते साधे नियम आहेत. तेथील सफरींचा व्यवसाय या नियमांनी बुडाला नाही.

मालवणला यातून घ्यावयाचे ते काय? होडी डॉल्फिनांच्या बाजूने, त्यांच्या वाटेला समांतर राहून हळूहळू न्यावी. समोरून किंवा थेट पाठीमागून जाऊ नये. किमान पन्नास मीटरांचे अंतर राखावे. समुद्रात मीटर मोजता येत नाहीत हे खरे, परंतु कबड्डीची चार मैदाने लांबीला लांबी जोडून ठेवावीत एवढे ते अंतर, असे सांगितले की प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे ते उभे राहते. डॉल्फिन आपण होऊन जवळ आले तर इंजिन न्यूट्रलवर ठेवून स्वस्थ राहावे. वीस मिनिटे झाली की दुसऱ्या होडीला जागा द्यावी. पिलू दिसल्यास आणखी लांब राहावे. खाऊ टाकू नये, ओरडू नये, शिट्या वाजवू नयेत. तांडेलांना यातील काहीही अवघड नाही. जाळ्याजवळून होडी काढताना ते यापेक्षा अधिक काळजी घेतात.

अडचण आहे ती स्पर्धेची, आणि तिच्यावरील उपाय समुद्रात नव्हे, धक्क्यावर करावयाचा आहे. रिक्षाथांब्यावर रांगेतील पहिली रिक्षा आधी सुटते आणि तिचे भाडे ठरलेले असते. म्हणून तेथे गिऱ्हाइकाची ओढाताण होत नाही. होड्यांचेही तसेच क्रमांक लावावेत, तिकीट एकाच खिडकीवर द्यावे, आणि हंगामाच्या शेवटी प्रत्येक होडीच्या फेऱ्यांची संख्या सारखी येईल अशी नोंदवही ठेवावी. तिकीट हे समुद्रसफरीचे असावे. किल्ल्याची तटबंदी, खडकांवरचे पाणपक्षी, जाळी ओढणारे मच्छीमार, नदीमुख हे सर्व त्या सफरीत येते. डॉल्फिन दिसले तर तो लाभ, न दिसले तर पैसे परत नाहीत, हे तिकिटावरच छापावे. ज्या दिवशी तांडेलाचे उत्पन्न डॉल्फिन दिसण्यावर अवलंबून राहणार नाही, त्या दिवशी तो पन्नास मीटरांवर थांबेल. एरवी त्याने थांबावे अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

यास विरोधही होईल. ज्याची होडी मोठी, इंजिन नवे आणि निवासगृहांशी ओळख चांगली, त्याला क्रमवारी मानवणार नाही. त्याला आज अधिक फेऱ्या मिळतात आणि उद्या कमी मिळतील, हे लपविण्यात अर्थ नाही. येथे ग्रामपंचायतीची कसोटी आहे. एका गावाने नियम केला आणि खाडीपलीकडच्या गावाने ‘हमखास’चा फलक तसाच ठेवला, तर नियम करणाऱ्यांचेच नुकसान होईल. म्हणून मालवण, तारकर्ली, देवबाग आणि खाडीपलीकडील भोगवे-निवती यांनी ही गोष्ट एकत्र बसूनच ठरविली पाहिजे. रत्नागिरी जिल्ह्यात दापोली तालुक्यातील मुरुड, कर्दे या किनाऱ्यांवरही हाच प्रश्न आहे.

सफरीच्या उत्साहात आणखी एका घटकाचा विसर पडतो. डॉल्फिन जाळ्यात अडकलेले मासे ओढून खातात आणि त्यात जाळी फाटतात. ज्याचे जाळे फाटते त्याच्या दृष्टीने हा प्राणी कौतुकाचा नाही. पर्यटनाचा पैसा मात्र बहुधा दुसऱ्याच घरात जातो. तिकिटाच्या रकमेतून लहानसा भाग जाळी-दुरुस्तीसाठी बाजूला काढला, तर या दोन घरांतील अंतर कमी होईल. जाळ्यात अडकलेला संरक्षित सागरी प्राणी जाळे कापून जिवंत सोडणाऱ्या मच्छीमाराला भरपाई देण्याची योजना राज्य शासनाने डिसेंबर २०१८ मध्ये सुरू केली. तेव्हा तिची कमाल रक्कम २५,००० रुपये ठरविण्यात आली. वन विभागाचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग यांच्यामार्फत ती राबविली जाते. सोडतानाची छायाचित्रे काढून ठेवणे त्यासाठी आवश्यक आहे, ही माहिती प्रत्येक होडीपर्यंत पोहोचविणे हे पंचायत सदस्यांचे काम.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत डॉल्फिनचा समावेश आहे, म्हणजे वाघाला असते तेच संरक्षण त्याला आहे. या अधिनियमातील ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या केवळ मारण्यापुरती नाही. प्राण्याला हाकणे, त्याच्या मागे लागणे, त्याला आमिष दाखविणे यांचाही तीत अंतर्भाव होतो. मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले. त्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर असून त्यापैकी ३.१८ चौरस किलोमीटर हा गाभा आहे. या अभयारण्याविषयी मच्छीमारांच्या मनात सुरुवातीपासून शंका आहेत. त्यांना दंडाची भाषा ऐकवून त्या दूर होणार नाहीत, हे क्षेत्रीय अधिकाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. गावाने स्वतः केलेला नियम मोडणाऱ्याला गावच आवरते. कायदा त्याच्या पाठीशी उभा राहिला म्हणजे पुरे.

सुरक्षिततेबाबत मात्र समजुतीची भाषा पुरेशी नाही. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा डायव्हिंग करून परतणारी पर्यटकांची नौका उलटली आणि त्यात दोघांचा मृत्यू झाला. मे महिन्याचा शेवटचा आठवडा म्हणजे समुद्र फिरण्याचे दिवस. महाराष्ट्र सागरी मंडळाचा परवाना, होडीची तपासणी, ठरलेल्या संख्येइतकेच प्रवासी आणि प्रत्येकाच्या अंगावर बांधलेले लाइफ जॅकेट, यांत कसूर झालेली होडी धक्क्यावरून सुटताच कामा नये. जॅकेट बाकाखाली ठेवलेले असणे म्हणजे ते नसल्यासारखेच आहे. बंदर निरीक्षकाने सुटीच्या गर्दीत प्रत्येक होडी पाहणे शक्य नसते. तिकीट-खिडकी एकच असली की हे काम तेथल्या माणसाकडूनही करून घेता येते.

शाळांना यात एक स्वतंत्र काम आहे. दररोज किती होड्या गेल्या, वारा कसा होता, तिथी कोणती, डॉल्फिन कोठे व किती दिसले, पिलू होते काय, एवढ्या गोष्टी तांडेलांना विचारून सातवी-आठवीच्या मुलांनी एका वहीत उतरवून ठेवाव्यात. न दिसलेल्या दिवसांचीही नोंद हवी. शास्त्राच्या दृष्टीने ती तितकीच मोलाची. पाच वर्षांनी डॉल्फिन वाढले की घटले, असा वाद ग्रामसभेत निघाला, तर तो या वहीच्या आधारे मिटविता येईल.

हे सर्व ठरविण्यास वेळ पावसाळ्यातच मिळतो. मेअखेरीस होड्या वर ओढल्या जातात आणि जलपर्यटन साधारणतः ऑगस्टअखेरपर्यंत बंद असते. जून-जुलैत तांडेलांच्या बैठका घ्याव्यात, क्रमवारी, तिकिटाचा दर आणि जाळी-दुरुस्तीचा वाटा ठरवावा, पाचही गावांचा मसुदा एकच करावा आणि तो १५ ऑगस्टच्या ग्रामसभेपुढे ठेवावा. ‘हमखास’ हा शब्द असलेले जुने फलक त्याच आठवड्यात उतरवून, हंगामाची पहिली होडी पाण्यात जाण्यापूर्वी नवे फलक रंगवून घ्यावेत.